उंबराच्या वळणावरची पावलं

"मॅडम, तुमचे गवे फार हुशार आहेत हो," घोरपडे म्हणाले. "आम्हाला डोंगर जिथे कापायचाय, नेमके तिथेच रस्ता ओलांडतात. बाकी सगळा घाट मोकळा."

घोरपडे हे रुंदीकरणाचं काम घेतलेल्या कंपनीचे मुख्य अभियंता. दर आठवड्याला निरीक्षण केंद्रात येऊन ते चहा पीत आणि जाताना असा एखादा टोमणा मारून जात. केंद्रप्रमुख केतकी धुरी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकली होती. पण त्या दिवशी ते हसत नव्हते.

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं काही नाही, विचारतोय. पडदा तुमच्यासमोर. गवा आला असं यंत्र सांगतं, आम्ही मान डोलावतो. त्या यंत्राला कोण काय शिकवतं, ते आम्हाला कुठं दिसतं?"

"यंत्राला मी शिकवलंय. आणि ते खोटं बोलत नाही."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" घोरपडे उठले. "यंत्राचे वडील काही पर्यावरणवाले नाहीत."

दार लोटून ते निघून गेले. केतकीने कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. राग आला होता तो घोरपड्यांचा; पण गवे नेमके तिथेच का येतात, हा विचार तिच्याही मनात एकदा येऊन गेला होता आणि तिने तो झटकून टाकला होता, हे तिला आता आठवलं.

आंजणी घाट खालच्या नेरवडे गावाला वरच्या होळवाडीशी आणि पुढे कोल्हापूरशी जोडतो. रस्ता अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात दरड कोसळली की नेरवडे तुटतं. रुंदीकरणाची मागणी दोन पिढ्यांची होती, आणि इथलं सदाहरित जंगल वाचवण्याची मागणीही तितकीच जुनी. शेवटी सरकारने एक समिती नेमली. समितीने अट घातली: वर्षभर घाटाचं निरीक्षण करा. ज्या वळणांवर वन्यप्राणी नियमित रस्ता ओलांडत असतील, तिथे डोंगराला हात लावता येणार नाही. नसतील, तर खुशाल कापा.

निरीक्षणासाठी कॅमेरे निरुपयोगी होते. घाटात वर्षातला निम्मा काळ धुकं असतं. म्हणून रस्त्याच्या कडेने, गटाराला लागून, जमिनीत एक केबल पुरली गेली. तिच्यात काचेची एक तार होती, केसासारखी बारीक. अशी काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष राहतात. तारेत लेझरचा झोत सोडला की प्रत्येक दोषावर आपटून प्रकाशाचा थोडासा अंश मागे फिरतो. वरून कोणी चाललं की जमीन थरथरते, जमिनीबरोबर तार किंचित ताणली जाते, आणि मागे फिरणारा प्रकाश बदलतो. प्रकाशाला परत यायला किती वेळ लागला त्यावरून थरथर कुठे झाली तेही कळतं. म्हणजे घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रस्त्याला कान फुटले होते. दरड सुटण्याआधी मातीत होणारी कुरकुर त्याला ऐकू येई. गवा, सांबर, बिबट्या यांची चाल त्याला वेगळी ओळखता येई.

माणसाची चालही येई. पावलाचं वजन, ढांगेची लांबी, टाच आधी टेकते की चवडा, डाव्या आणि उजव्या पावलातला फरक, हे सगळं मिळून प्रत्येकाची एक सही असते. म्हणूनच कायद्याने तिथे एक गाळणी बसवायला लावली होती. माणसांची पावलं आपोआप पुसली जात. मूळ नोंद कुलूपबंद राही, आणि काही महिन्यांनी तीही नष्ट होई.

केतकीला या गाळणीचा अभिमान होता. "आमचा रस्ता गव्यांना ऐकतो, माणसांना नाही," असं ती भेटेल त्याला सांगत असे.

गेल्या उन्हाळ्यापासून गवे उंबराच्या वळणावर येऊ लागले होते. आधी एखादा, मग कळपच. त्या वळणावरचा कातळ सर्वांत रुंद कापायचा होता. गवे असेच येत राहिले तर रुंदीकरणाची सगळी योजनाच बारगळणार होती.

*

तिच्या घरात या रस्त्याबद्दल तीन मतं होती.

तिचे वडील, प्राध्यापक वसंत केळुसकर, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि होळवाडीत एकटेच राहत. या घाटासाठी त्यांनी कोर्टात खेटे घातले होते. रस्ता आहे तसाच ठेवा, फक्त नीट राखा, एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा, डॉक्टर निनाद धुरी, नेरवड्याच्या ग्रामीण रुग्णालयात होता. जनसुनावणीत तो उठून म्हणाला होता की रुंदीकरण ही मलमपट्टी आहे. डोंगराच्या पोटातून बोगदा काढा. बोगदा फार महाग पडतो, असं सांगून अधिकाऱ्यांनी त्याला खाली बसवलं. त्यानंतर त्याने तो विषय सोडून दिला. "रुंद करा, अरुंद करा, काहीतरी करा म्हणजे झालं," असं तो हल्ली म्हणे. आणि केतकीला मत असायची परवानगी नव्हती. ती मोजणारी होती.

गणपती गेल्यावरच्या आठवड्यात अपघात झाला.

विनायक तेली नेरवड्यात मांडव आणि लाइटिंगची कामं करायचा. होळवाडीतलं काम आटोपून तो दिवेलागणीला इलेक्ट्रिक मोटरसायकलवरून घाट उतरत होता. धुकं दाट होतं. गाडीला आवाज नाही, म्हणून गव्याला ती कळली नाही. गवा काळा, म्हणून विनायकला तो दिसला नाही. उंबराच्या वळणावर तो एका मादीच्या अंगावर आदळला. मादीमागे पिल्लू होतं. तिने शिंगाने त्याला कठड्यावर फेकलं.

धुक्यामुळे रुग्णवाहू ड्रोन उडेना. निनाद स्वतः अँब्युलन्समध्ये बसून त्याला घेऊन कोल्हापूरला निघाला. वरच्या वळणात एक ट्रक अडकला होता. तो हलवेपर्यंत व्हायचं ते झालं. विनायक जगला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी निनाद घरी आला तेव्हा त्याच्या बुटांवर वाळलेलं रक्त होतं. तो पायरीवरच बसून राहिला. केतकीने पाणी आणलं. ते तसंच हातात धरून तो म्हणाला, "बोगदा असता तर पाय वाचला असता."

"आता नको तो विषय. आत चल."

"वाचला असता, केतकी," तो म्हणाला आणि रडायला लागला. बारा वर्षांच्या संसारात तिने त्याला पेशंटसाठी रडताना पाहिलं नव्हतं. तो फार थकलाय, असं तिला वाटलं.

*

घोरपडे या वेळी केंद्रात आले ते चहा न घेताच बोलायला लागले.

"सात-आठ वर्षं त्या वळणावर गवा नव्हता. फॉरेस्टवाल्यांना विचारा. अचानक यायला लागले. आता एक माणूस अधू झाला. मॅडम, मी गावातला आहे, गुराखी आहेत आमच्याकडे. जनावर उगाच रस्ता बदलत नाही. कोणीतरी बोलावल्याशिवाय येत नाही."

"कोण बोलावणार?"

"रस्ता कोणाला नकोय?" त्यांनी नाव घेतलं नाही.

ते गेल्यावर केतकी गाडी काढून एकटीच उंबराच्या वळणावर गेली. दुपार होती, ऊन-सावली चालली होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला, झाडीच्या आत दहा पावलांवर, तिला एक मोकळी जागा दिसली. तिथली माती उकरल्यासारखी खोलगट झाली होती. कडेच्या दगडांवर चकाकी होती. गव्यांनी चाटून चाटून ते गुळगुळीत केले होते. केतकीने चिमूटभर माती जिभेला लावली. खारट. पाचोळा बाजूला केल्यावर एक विटकरी रंगाचा तुकडा सापडला. गोठ्यात गुरांसाठी टांगतात ती चाटण वीट, मीठ आणि खनिजांची.

तिने तो तुकडा रुमालात गुंडाळला. गवा मिठासाठी चार डोंगर ओलांडून येतो, हे तिला कोणी शिकवलं होतं? ती शाळेत असताना बाबांनीच. याच जंगलात, तिला खांद्यावर घेऊन.

केंद्रात परतल्यावर तिने मूळ नोंदींचं कुलूप उघडलं. अपघात झाला असेल तर त्या टप्प्याची मूळ नोंद तपासण्याचा अधिकार केंद्रप्रमुखाला होता. माणूस आहे की नाही, एवढंच तपासायचं. तो कोण आहे हे शोधायला कायद्याने बंदी होती.

गाळणी काढताच पडदा पावलांनी भरून गेला. भाविक, गुराखी, फोटो काढायला उतरलेले पर्यटक, कठड्यावर शेजारी शेजारी बसलेली कोणी दोघं. केतकीला दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून आत बघितल्यासारखं वाटलं. तिने यंत्राला फक्त त्या मोकळ्या जागेकडे वळणारी पावलं निवडायला सांगितली. उरला एकच माणूस. उन्हाळ्यापासून तो पुन्हा पुन्हा आला होता, नेहमी होळवाडीच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी. जवळच्या धबधब्याच्या थांब्यावर त्या दिवशी एसट्या, टेम्पो, गाड्या सगळ्याच थांबत. त्या गर्दीतून तो निघे, वळणापर्यंत चालत येई, झाडीत शिरे आणि परत जाई. येताना पाऊल जड, जाताना हलकं.

बाजाराच्या दिवशी बाबा एसटीने त्याच थांब्यावर उतरत. झाडं बघायला. गेली कित्येक वर्षं.

पावलांची सही तर मिळाली होती. आता ती कोणाच्या पावलांशी ताडून बघायची, एवढंच उरलं होतं.

*

"बाबा, कंदीलपुष्प फुललं असेल ना आता? दाखवाल मला?"

फोनवर बाबा इतके खुलून बोलायला लागले की केतकीला फोन ठेवून द्यावासा वाटला. "अगं, उशीर केलास, आता शेवटची चार फुलं असतील. पण आहेत! उंबराच्या वळणाच्या अलीकडे, कातळात. उद्याच ये. तू शेवटची कधी आली होतीस माहितीये? लग्नाच्या आधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं धबधब्याच्या थांब्यावर भेटली. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि थर्मासमध्ये चहा आणला होता. "इथून चालत जाऊ," केतकी म्हणाली, "गटाराच्या कडेने. गाड्या येतात."

तिने त्यांना बरोबर केबलच्या वर चालायला लावलं.

बाबा चालत होते, बोलत होते. मध्येच थांबून काठीने एखादं पान उलटून दाखवत होते. "हे बघ, नुसतं पान बघून कोणाला वाटेल गवत आहे. आणि त्याला हा असा कंदील लागतो. किडा आत शिरला की केस असे आतल्या बाजूला वळलेले, बाहेर पडता येत नाही. फूल कोमेजलं की सुटतो." त्यांनी तिचा दंड धरला. "दमलीस का? चेहरा उतरलाय तुझा."

"नाही."

"विनायकचं फार वाईट झालं. मी जाऊन आलो कोल्हापूरला. बायकोला म्हटलं, काही लागलं तर सांग." त्यांनी काठीने वाटेतली फांदी बाजूला केली. "हे गवे इथे का येतात, मला कळत नाही, केतू. यायला नकोत. पाणी तर पलीकडच्या ओढ्याला आहे."

त्यांच्या आवाजात केतकी खोटेपणा शोधत होती. तिला तो सापडला नाही. पण इतकं सराईत खोटं बोलणारी माणसंही असतात, असं तिला वाटलं आणि मग तिला स्वतःची किळस आली.

फुलं बघून झाली. बाबांना खाली डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं म्हणून निनाद घ्यायला येणार होता. तो थांब्यावर गाडी लावून चालत त्यांच्याकडे आला, बाबांच्या हातातला थर्मास आणि पिशवी घेतली. "काय बाबा, मुलगी विद्यार्थिनी झाली म्हणे पुन्हा!" तिघं परत थांब्यापर्यंत चालली. गाडीत केतकी एक शब्दही बोलली नाही.

सकाळी केंद्रात तिने आदल्या दुपारची पावलं यंत्रापुढे ठेवली. बाबांची चाल सहज ओळखू येत होती, काठीचा ठोका बरोबर होता. काठी वगळून तिने नुसती पावलं ताडायला दिली.

जुळत नाहीत.

केतकी खुर्चीत मागे रेलली. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. उठून तिने खिडकी उघडली, बाहेरची ओली हवा छातीत भरून घेतली. बाबांना फोन करावा, काय केलं ते सांगावं, माफी मागावी, की कधीच सांगू नये?

ती पडदा बंद करायला परत वळली तेव्हा खाली आणखी एक ओळ उमटली होती. आदल्या दुपारच्या तुकड्यात जेवढी माणसं होती, तेवढी सगळीच यंत्राने ताडून पाहिली होती. पहिली व्यक्ती, तिची स्वतःची: जुळत नाही. दुसरी, बाबा: जुळत नाही. तिसरी: जुळते.

तिसरं कोण होतं तिथे, असा प्रश्न तिला खरोखरच पडला. मग तिने वेळ पाहिली. थांब्यावरून निघालेली पावलं, त्यांच्याकडे येणारी.

यंत्र चुकलं असणार. तिने तपासणी पुन्हा लावली. फक्त त्याची पावलं, फक्त कोरडा टप्पा. मग पुन्हा, वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदींशी.

बाजाराच्या दिवशी निनादची होळवाडीच्या उपकेंद्रात ओपीडी असे. सकाळी लवकर निघे तो. डबा तीच भरून द्यायची.

*

ओपीडी संपायच्या वेळेला ती रुग्णालयात गेली. शेवटची पेशंट, एक म्हातारी, निनादचा हात धरून बोलत होती आणि सोडायला तयार नव्हती. ती गेल्यावर केतकीने दार लावलं आणि चाटण विटेचा तो तुकडा टेबलावर ठेवला.

निनादने तो पाहिला. उचलला नाही.

"कसं कळलं?"

"पावलं."

"माणसांची पावलं गाळली जातात. तूच सांगायचीस."

"म्हणून बिनधास्त गेलास?"

"हो," तो म्हणाला. "म्हणून गेलो."

तिला वाटलं होतं तो नाकारेल. मग तिला भांडता आलं असतं. "का, निनाद?"

"का ते तुला माहितीये. रुंद केलेला घाटही पावसाळ्यात बसणारच. पाच वर्षं कामासाठी अर्धा बंद, आणि मग दर वर्षी दरडी. एकदा तेवढा खर्च झाला की पुढची तीस वर्षं बोगद्याचं नाव कोणी काढणार नाही. या खोलीतून मी किती जणांना वर पाठवलंय आणि त्यातले किती रस्त्यात गेलेत, तुला ठाऊक नाही. मला त्यांची नावं पाठ आहेत. रुंदीकरण अडलं तरच बोगदा होईल. ते अडवायला फक्त गवे हवे होते. खोटी नोंद केली नाही मी. गवे खरे होते."

"आणि विनायक?"

निनादने चष्मा काढला. "त्या दिवशी सकाळीच वीट ठेवली होती."

"आणि संध्याकाळी त्याच्याशेजारी बसलास, अँब्युलन्समध्ये."

"बसलो. त्याचा हात हातात होता माझ्या. तो म्हणत होता, डॉक्टर, तुम्ही आहात म्हणून मी भीत नाही."

बाहेर नर्सने कोणाला तरी हाक मारली. केतकीने दार नीट लागलंय ना, ते वळून पाहिलं.

"मी बाबांवर संशय घेतला," केतकी म्हणाली. "त्यांना फुलं बघायच्या निमित्ताने केबलवर चालवलं मी."

"कळलं मला. गाडीत तू त्यांच्याशी बोलली नाहीस, तेव्हाच."

"कळलं तुला? तुला कळलं की मी त्यांना गुन्हेगार समजतेय, आणि तू गप्प राहिलास? रात्री माझ्याशेजारी बसून जेवलास?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तो म्हणाला, "वर्ष संपायला थोडेच महिने राहिलेत. मी आता वीट ठेवत नाही, अपघातानंतर ठेवलेली नाही. तू काहीच करू नकोस, एवढंच. बोगदा होईल. किती माणसं वाचतील, विचार कर. आणि तुझ्याकडचा पुरावा तरी कायदेशीर आहे का? माझी ओळख पटवायचा अधिकार नव्हता तुला."

तो म्हणत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. केतकीला त्याचीच भीती वाटली. आणि हेही वाटलं की, बोगद्याची कंपनी कोणती, तिच्याशी याचं काही बोलणं झालंय का? कालपर्यंत हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नसता. आता तो आला होता आणि उत्तर काहीही मिळालं तरी तिचा विश्वास बसणार नव्हता.

"समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे," ती उठत म्हणाली. "तू सांग. नाहीतर मी सांगेन."

*

बैठक पंचायत समितीच्या सभागृहात झाली. नेरवड्याची अर्धीअधिक माणसं आली होती. विनायकची बायको आली होती. घोरपडे पहिल्या रांगेत, बाबा दुसऱ्या रांगेत, मांडीवर कागद ठेवून. निनाद भिंतीपाशी उभा होता. आठवडाभर तो घरात अगदी नेहमीसारखा वागला होता, आणि तो सांगेल की नाही, हे केतकीला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी केतकीला नोंदी मांडायला सांगितल्या. ती उभी राहिली आणि निनादकडे पाहिलं. तिने कागद लावले, पाणी प्यायली, पुन्हा पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"उंबराच्या वळणावरच्या गव्यांच्या नोंदी बाद कराव्यात, अशी माझी शिफारस आहे," ती म्हणाली. "गवे तिथे आले हे खरं आहे. पण त्यांना आमिष दाखवून आणलं गेलं. मिठाच्या विटा ठेवल्या जात होत्या."

सभागृहात गलका झाला. घोरपडे उठले. "मी आधीपासून सांगत होतो! कोणी ठेवल्या?" आणि ते वळून सरळ बाबांकडे पाहू लागले. त्यांच्यामागून आणखी कितीतरी माना वळल्या. बाबा गोंधळून इकडेतिकडे बघत होते.

केतकीने शेवटचं भिंतीकडे पाहिलं. निनादने ओठ हलवले असं तिला वाटलं. आवाज आला नाही.

"डॉक्टर निनाद धुरी यांनी," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही ओळख तुम्ही कशी पटवलीत? माणसांची पावलं तपासायची परवानगी नाही ना?"

"नाही. मी नियम मोडला. अपघातानंतर मूळ नोंद उघडली, आणि..." तिला इथे थांबता आलं असतं. "आणि मला आधी माझ्या वडिलांचा संशय होता. म्हणून मी त्यांना त्या रस्त्यावर चालायला लावलं, त्यांना न सांगता. त्यांची पावलं जुळली नाहीत. डॉक्टर तेव्हा आम्हाला घ्यायला आले होते. त्यांची जुळली."

बाबांनी मांडीवरचे कागद गोळा केले. काठी घेतली आणि कोणाशी न बोलता, सावकाश, रांगेतून वाट काढत दाराकडे गेले. विनायकची बायको मात्र निनादसमोर जाऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. "माझो घोव इचारता," ती म्हणाली, "डॉक्टरांनी माका वाचवल्यानी की मारल्यानी? काय सांगू त्याका?"



*

वनखात्याने निनादवर गुन्हा दाखल केला, आरोग्यखात्याने त्याला निलंबित केलं. तो रत्नागिरीला भावाकडे राहायला गेला. नेरवड्याला दुसरा डॉक्टर मिळाला नाही. बाजारात केतकी दिसली की बायका बोलायच्या थांबत. एकदा एकीने तोंडावर विचारलं, "आता तापात पोर फणफणलं तर तुमच्या मशीनकडे न्यायचं का?"

रुंदीकरणही अडलं आणि बोगदाही. निरीक्षण पहिल्यापासून करायचं ठरलं, पण नवे नियम होईपर्यंत तेही थांबवलं गेलं. केबल आपल्याला ओळखते, ही बातमी मात्र घाटाच्या वर-खाली सगळीकडे पोचली. लोक रस्त्याच्या मधोमध चालू लागले. काही जण चपला काढून हातात घेत. देवीला पायी जाणाऱ्या बायकांनी रानातली जुनी पायवाट पुन्हा मोकळी केली. थांब्यावर एसटीतून कोणी उतरेना. ज्यांना लपवण्यासारखं काहीच नव्हतं, ती माणसंसुद्धा तिथे चोरासारखी पाऊल टाकत.

केतकीने नोकरी गमावली नाही. चौकशी चालू होती. बाबांनी फोन उचलणं बंद केलं होतं. माघात एकदा ती न सांगता होळवाडीला गेली. बाबा घराबाहेर पडतच होते, गळ्यात दुर्बीण. तिला पाहून ते थांबले, ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. ती त्यांच्यामागून एसटीत चढली. धबधब्याच्या थांब्यावर दोघंच उतरली.

एसटी गेल्यावर घाट एकदम शांत झाला. बाबा डांबराच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच थबकले.

"कुठपर्यंत जायचंय तुम्हाला?" केतकीने विचारलं. "मी येते बरोबर."

त्यांची नजर गटाराकडे होती.

"केबल बंद आहे, बाबा. मीच बंद केलीय. लेझर काढून ठेवलाय."

"असेल," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण ते मला कसं कळणार, केतू?"

ते मागे वळले, परतीच्या एसटीची वाट बघत कठड्यावर बसले, आणि काठी आडवी मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून वर उचलून घेतले.